वाल्देमार हाफकिन

वाल्देमार मोर्देकाई हाफकिन (जन्म : ओडेसा, १५ मार्च १८६०, मृत्यू : लोझान, २६ ऑक्टोबर १९३०) हे रशियन साम्राज्यात जन्मलेले ज्यू सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होते. पटकी (कॉलरा) आणि ग्रंथिक सन्निपात (प्लेग) या दोन्ही रोगांवर माणसांसाठी उपयोगी ठरलेल्या लसी त्यांनी तयार केल्या आणि त्या प्रथम स्वतःला टोचून घेतल्या. त्यांच्या कारकिर्दीचा महत्त्वाचा काळ भारतात गेला. प्लेगची लस त्यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात १८९६-९७ च्या साथीत बनवली. परळ येथील हाफकिन संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले आहे.

लस शोधणे आणि ती लोकसमूहात खरोखर गुणकारी आहे की नाही हे पारखणे ही दोन वेगळी कामे आहेत. हाफकिन यांनी दोन्ही केली. टोचलेले आणि न टोचलेले लोक एकाच वस्तीत, एकाच तुरुंगात किंवा एकाच घरात राहत असताना त्यांच्यातील आजाराचे आणि मृत्यूचे प्रमाण ताडून पाहण्याची त्यांची रीत आजच्या लसचाचण्यांची पूर्वपीठिका मानली जाते. पंजाबातील एका दुर्घटनेचा ठपका मात्र त्यांच्यावर ठेवला गेला आणि त्याचे निराकरण होण्यास पाच वर्षे लागली.

जन्म आणि शिक्षण

हाफकिन यांचा जन्म काळ्या समुद्राच्या किनाऱ्यावरील ओडेसा शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. ओडेसाच्या विद्यापीठात ते इल्या मेच्निकोव्ह यांचे विद्यार्थी होते. रक्तातील पांढऱ्या पेशी जंतूंना गिळून टाकतात हे दाखवून देणारे आणि पुढे नोबेल पारितोषिक मिळवणारे ते हेच मेच्निकोव्ह होत. झारच्या राजवटीविरुद्ध चाललेल्या क्रांतिकारक चळवळीशी तरुण हाफकिन यांचा संबंध आला. १८८१ साली ज्यूंवर हल्ले झाले तेव्हा आपल्या समाजाच्या संरक्षणासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांत ते होते. त्या झटापटीत ते जखमी झाले, त्यांना अटकही झाली. मेच्निकोव्ह यांच्या मध्यस्थीने त्यांची सुटका झाली.

पदवीनंतर काही वर्षे त्यांनी ओडेसाच्या प्राणिसंग्रहालयात (प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात) काम केले. प्राध्यापकपद हवे असल्यास धर्म बदलून रशियन ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती होणे आवश्यक होते. हाफकिन यांनी ते नाकारले आणि १८८८ मध्ये देश सोडला. प्रथम ते जिनीव्हा येथे शरीरक्रियाशास्त्राचे साहाय्यक म्हणून गेले. १८८९ मध्ये ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आले. मेच्निकोव्ह त्याआधीच तेथे दाखल झाले होते. त्या वेळी तेथे ग्रंथपालाचेच पद मोकळे होते. ते स्वीकारून उरलेल्या वेळात त्यांनी प्रयोगशाळेत काम सुरू केले आणि पुढे एमील रू यांचे साहाय्यक झाले.

पटकीची लस

एकोणिसाव्या शतकात गंगेच्या खोऱ्यातून निघालेल्या पटकीच्या साथी व्यापारमार्गांनी आणि यात्रेकरूंबरोबर जगभर पसरल्या. रॉबर्ट कॉख यांनी १८८३-८४ मध्ये इजिप्त आणि कलकत्ता येथे केलेल्या अभ्यासातून या रोगाचा जंतू निश्चित केला होता. दूषित पाण्यातून तो पसरतो हेही कळले होते. परंतु मोठ्या शहरांना आणि खेड्यांना शुद्ध पाणी पुरवणे हे अनेक वर्षांचे काम होते. तोपर्यंत माणसाच्या शरीरातच प्रतिकारशक्ती निर्माण करता येईल काय, या प्रश्नाकडे हाफकिन वळले.

गिनीपिग या प्राण्याच्या उदरपोकळीतून पटकीचे जंतू एकामागून एक अशा प्राण्यांत ३९ वेळा नेऊन त्यांनी त्यांची तीव्रता वाढवली. दुसरीकडे उष्णता आणि हवा यांच्या साहाय्याने जंतू क्षीण केले. प्रथम क्षीण जंतूंची टोचणी आणि काही दिवसांनी तीव्र जंतूंची टोचणी अशी दोन टप्प्यांची पद्धत त्यांनी बसवली. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ही लस स्वतःला टोचून घेतली. त्यांना ताप आला आणि टोचल्या जागी वेदना झाल्या, परंतु अपाय झाला नाही. त्यानंतर त्यांच्या तीन रशियन मित्रांनी टोचून घेतले.

फ्रान्समध्ये आणि रशियात या लसीचे फारसे स्वागत झाले नाही. भारताचे माजी व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन त्या वेळी पॅरिसमध्ये ब्रिटनचे राजदूत होते. जेथे पटकी दरवर्षी येते अशा भारतातच या लसीची पारख करावी असे त्यांनी सुचवले. त्यानुसार हाफकिन मार्च १८९३ मध्ये कलकत्त्यास आले.

बंगालमधील प्रयोग

भारतातील पहिल्या टोचण्या एप्रिल १८९३ मध्ये आग्रा येथे झाल्या. त्यानंतर उत्तर भारतातील लष्करी छावण्यांमध्ये काम झाले. तेथे साथ न आल्याने लसीची कसोटी मात्र लागली नाही. लसीचा गुण पाहायचा तर टोचलेल्या आणि न टोचलेल्या माणसांना रोगाचा सारखाच संपर्क व्हावा लागतो, हे हाफकिन यांना या अनुभवातून स्पष्ट झाले.

ही संधी मार्च १८९४ मध्ये कलकत्त्याच्या कट्टल बागान बस्तीत आली. एका तळ्याचे पाणी वापरणाऱ्या या वस्तीत पटकी सुरू झाली होती. सुमारे २०० रहिवाशांपैकी ११६ जणांनी टोचून घेतले. त्यानंतरच्या दिवसांत तेथे जे आजारी पडले ते सर्व न टोचलेल्यांपैकी होते. चौधरी, घोष, चॅटर्जी आणि दत्त हे भारतीय डॉक्टर वस्त्यांमध्ये त्यांच्याबरोबर फिरत. घराघरांतील लोकांशी त्यांच्या भाषेत बोलणे, शंका ऐकून घेणे आणि प्रसंगी सर्वांसमक्ष स्वतःला टोचून दाखवणे हे काम या डॉक्टरांशिवाय झाले नसते.

गया येथील तुरुंगात आणि आसामच्या चहामळ्यांतील मजुरांमध्येही या लसीची तुलनात्मक पारख झाली. १८९५ पर्यंत ४२ हजारांहून अधिक लोकांना टोचण्यात आले. हिवतापाने प्रकृती खालावल्यामुळे हाफकिन त्याच वर्षी इंग्लंडला गेले आणि १८९६ मध्ये परत आले.

मुंबईतील प्लेग

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे रुग्ण ओळखले. गोदीजवळचा हा भाग धान्याच्या वखारींनी आणि दाट चाळींनी भरलेला होता. उंदरांना तेथे अन्नाची वाण नव्हती. प्लेगचा जंतू दोनच वर्षांपूर्वी, १८९४ मध्ये, हाँगकाँग येथे अलेक्सांद्र येर्सँ यांनी शोधला होता. रोग कोणत्या जंतूमुळे होतो हे ठाऊक होते. तो माणसापर्यंत कसा पोहोचतो हे मात्र कोणालाही निश्चित ठाऊक नव्हते.

या अज्ञानाचे परिणाम गंभीर झाले. प्लेग हा घाणीतून आणि माणसांच्या संसर्गातून पसरतो असे समजून गटारे धुणे, घरांना चुना लावणे, सामान जाळणे, रुग्णांना इस्पितळात आणि नातलगांना विलगीकरणाच्या छावणीत नेणे हे उपाय सुरू झाले. घरे धुतल्याने उंदीर बिळांतून उठून शेजारच्या घरांत जात असत. भीतीने लाखो लोकांनी मुंबई सोडली आणि त्यांच्याबरोबर रोग रेल्वेच्या व सागरी मार्गांनी ठाणे जिल्ह्यात, कोकणात आणि देशावर पोहोचला. कल्याण स्थानकावर उतारूंची वैद्यकीय तपासणी होऊ लागली.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग प्रतिबंधक कायदा अमलात आला. त्याने सरकारला घरझडती, सक्तीचे विलगीकरण आणि प्रवासबंदी यांचे व्यापक अधिकार दिले. पुण्यात गोऱ्या सैनिकांकडून घरे तपासली गेली. देवघरात आणि माजघरात शिरणे, स्त्रियांची तपासणी, सामानाची नासधूस यांमुळे संताप उसळला. २२ जून १८९७ रोजी राणी व्हिक्टोरियाच्या हीरकमहोत्सवाच्या रात्री चापेकर बंधूंनी प्लेग समितीचे प्रमुख रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्याच साथीत पुण्याजवळ रुग्णसेवा करताना सावित्रीबाई फुले यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. मुंबईतही ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांनी आर्थर रोड इस्पितळावर हल्ला केला होता. इस्पितळात नेलेला माणूस परत येत नाही, अशी लोकांची समजूत झाली होती.

प्लेगच्या लसीची निर्मिती

सरकारने बोलावल्यावरून हाफकिन ७ ऑक्टोबर १८९६ रोजी मुंबईत आले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली, एक ओसरी, एक कारकून आणि तीन शिपाई एवढेच साहाय्य मिळाले. या अपुऱ्या साधनांवर त्यांनी अवघ्या तीन महिन्यांत लस तयार केली. कामाचा ताण इतका होता की एका साहाय्यकाची प्रकृती ढासळली आणि दोघे काम सोडून गेले.

लसीची कृती पुढीलप्रमाणे होती. मांसाच्या रसात प्लेगचे जंतू वाढवले जात. या रसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले की त्यांच्या खालच्या बाजूस जंतूंची वाढ लोंबत्या तंतूंच्या रूपाने होते, हे हाफकिन यांना आढळले. बाटली हलवली की ते तंतू तुटून तळाशी बसत आणि तुपाखाली नवी वाढ सुरू होई. अशा रीतीने एकाच बाटलीतून मोठ्या प्रमाणावर जंतू मिळत. ही विशिष्ट वाढ प्लेगचा जंतू ओळखण्याची खूणही ठरली. नंतर उष्णता देऊन जंतू मारले जात आणि लस टिकावी म्हणून तीत कार्बोलिक आम्ल मिसळले जाई. मेलेले जंतू रोग उत्पन्न करू शकत नाहीत. तथापि शरीर त्यांना परके म्हणून ओळखते आणि प्रतिकाराची तयारी करते. हिंदू आणि मुसलमान या दोन्ही समाजांच्या भावना लक्षात घेऊन रसासाठी बोकडाचे मांस वापरले गेले.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी १० घनसेंटीमीटर इतकी मोठी मात्रा स्वतःला टोचून घेतली. पुढे सामान्यतः वापरल्या गेलेल्या मात्रेहून ती बरीच अधिक होती. त्यांना तीव्र ताप आला, परंतु ते काही दिवसांत बरे झाले. त्यानंतर कॉलेजातील काही डॉक्टर आणि शहरातील काही प्रतिष्ठित नागरिक टोचून घेण्यास पुढे आले.

लसीची पारख

भायखळा तुरुंग

जानेवारी १८९७ च्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. जवळपास निम्मे कैदी स्वेच्छेने टोचून घेण्यास तयार झाले. दोन्ही गटांचे अन्न, पाणी, कोठड्या आणि काम सारखेच होते. टोचणीनंतरच्या दिवसांत न टोचलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला व ६ जण दगावले. टोचलेल्यांपैकी २ जणांना रोग झाला आणि कोणीही दगावले नाही. संख्या लहान असली तरी मुंबईत लसीविषयी विश्वास निर्माण होण्यास या घटनेचा उपयोग झाला. कैद्याची संमती कितपत स्वतंत्र मानावी, हा प्रश्न त्या काळी विचारला गेला नाही. आजच्या नियमांनुसार अशा चाचणीला सहजासहजी मान्यता मिळणार नाही.

दमण

१८९७ मध्ये पोर्तुगीज अमलाखालील दमण येथे प्लेगची तीव्र साथ आली. तेथील ८,२३० लोकांपैकी २,१९७ जणांनी टोचून घेतले. त्यांच्यापैकी ३६ जण मरण पावले. न टोचलेल्या ६,०३३ जणांपैकी १,४८२ जण मरण पावले. म्हणजे न टोचलेल्यांत दर चार माणसांमागे सुमारे एक, तर टोचलेल्यांत दर साठ माणसांमागे सुमारे एक मृत्यू झाला. तथापि साथ चालू असताना लोक हळूहळू टोचून घेत गेले, त्यामुळे दोन्ही गट रोगाच्या संपर्कात सारखाच काळ राहिले असे म्हणता येत नाही. या त्रुटीवर टीकाकारांनी बोट ठेवले.

उंधेरा

ही त्रुटी दूर करणारी चाचणी फेब्रुवारी १८९८ मध्ये बडोद्याजवळील उंधेरा या गावी झाली. गावात प्लेग आधीच होता. एक कुटुंब टोचून दुसरे तसेच ठेवले तर गरीब-श्रीमंत घरे, उंदरांची संख्या, आजाऱ्याशी संबंध अशा अनेक गोष्टींत फरक राहतो. म्हणून हाफकिन यांनी घरोघर जाऊन प्रत्येक कुटुंबातील साधारण निम्म्या माणसांना टोचले. पुढे २८ घरांत प्लेग आढळला. त्या घरांतील ७१ टोचलेल्या व्यक्तींपैकी ८ जणांना रोग झाला आणि ३ जण दगावले. ६४ न टोचलेल्यांपैकी २७ जणांना रोग झाला आणि २६ जण दगावले. एकाच छपराखाली राहणाऱ्या, एकाच चुलीवरचे जेवणाऱ्या माणसांमधील ही तुलना असल्याने तिचे वजन अधिक होते. टोचलेल्यांमधील मृत्यूचे प्रमाण सुमारे ९० टक्क्यांनी कमी होते.

या आकड्यांमागे एक कठोर वास्तवही आहे. प्रत्येक घरातील निम्मी माणसे लसीविना राहिली आणि त्यांतील २६ जण गेले. ही चाचणी घेतल्याशिवाय लसीची उपयुक्तता निर्विवादपणे सिद्ध झाली नसती, आणि चाचणीची किंमत त्याच गावाने मोजली. लस प्रथम कोणाला आणि पुराव्यासाठी कोणी थांबायचे, हा साथरोगशास्त्रातील नैतिक प्रश्न उंधेरा येथे स्पष्टपणे दिसतो.

सरकारने टी. आर. फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या भारतीय प्लेग आयोगाने १८९८-९९ मध्ये लसीची छाननी केली. मोजमापाच्या पद्धतीतील काही उणिवा त्याने दाखवल्या, परंतु लसीमुळे रोगाचे आणि मृत्यूचे प्रमाण घटते हा निष्कर्ष मान्य केला. पूर्ण संरक्षण मिळत नाही आणि ते कायम टिकत नाही, हेही नोंदवले.

लोकांचा प्रतिसाद

लसीविषयी अनेक अफवा पसरल्या होत्या. टोचल्याने माणूस मरतो, जात बुडते, सरकार लोकांना संपवू पाहते, अशी भीती होती. झडती आणि विलगीकरण सक्तीने चालले असताना हाफकिन यांनी टोचणी ऐच्छिक ठेवण्याचा आग्रह धरला. लोकांच्या विश्वासातील माणसे पुढे आल्यास टोचणी स्वीकारली जाते, असे वारंवार दिसून आले.

खोजा समाजाचे धर्मगुरू तिसरे आगाखान तेव्हा विशीत होते. त्यांनी अनुयायांच्या समक्ष स्वतः टोचून घेतले. त्यानंतर मुंबईतील या समाजाच्या हजारो लोकांनी टोचून घेतले. वाढत्या कामाला जागा अपुरी पडू लागली तेव्हा आगाखान यांनी आपली माझगाव येथील खुशरू लॉज ही वास्तू प्रयोगशाळेसाठी दिली. १८९८ मध्ये हुबळी व धारवाड भागातही मोठ्या प्रमाणावर टोचणी झाली.

परळची प्रयोगशाळा

१० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळेचे उद्घाटन गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या हस्ते झाले. हाफकिन तिचे प्रमुख संचालक झाले. मूळचे जेझुइटांचे प्रार्थनामंदिर असलेली ही वास्तू पुढे गव्हर्नरांचे निवासस्थान बनली होती. गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नीचे पटकीने निधन झाल्यानंतर गव्हर्नर मलबार हिल येथे राहू लागले. पटकीमुळे रिकामी झालेली वास्तू अशा रीतीने पटकीच्या लसीच्या जनकाकडे आली. १८९७ साली हीरकमहोत्सवानिमित्त हाफकिन यांना सी.आय.ई. हा किताब मिळाला होता. पुढे त्यांनी ब्रिटिश नागरिकत्व घेतले.

मुलकोवाल दुर्घटना

१९०२ मध्ये पंजाबात प्लेग वाढत होता आणि तेथील सरकारने लाखो लोकांना टोचण्याची योजना आखली. परळहून लस तयार होण्याचा वेग वाढवावा लागला. त्यासाठी निर्मितीच्या कृतीत बदल झाले. त्यांपैकी एक म्हणजे कार्बोलिक आम्ल न घालता केवळ उष्णतेने लस निर्जंतुक करणे. पाश्चर संस्थेतही ही पद्धत वापरात होती.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या खेड्यात (आता पाकिस्तानात) पाच बाटल्यांतून १०७ जणांना टोचण्यात आले. त्यांपैकी ५३-एन या क्रमांकाच्या एकाच बाटलीतून टोचलेल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्व मरण पावले. उरलेल्या चार बाटल्यांतून टोचलेल्या ८८ जणांना काहीही झाले नाही.

सरकारने मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे परळ येथेच, दूषित झाली असावी, असा निष्कर्ष आयोगाने काढला आणि कार्बोलिक आम्ल वगळण्यावर टीका केली. हाफकिन यांना संचालकपदावरून दूर करण्यात आले. १९०४ मध्ये ते भारत सोडून इंग्लंडला गेले.

आयोगापुढील साक्षींत एक महत्त्वाची गोष्ट होती. बाटली उघडताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो नीट निर्जंतुक न करता जंतुनाशक पाण्यात हलवून त्यानेच बाटलीचे बूच काढण्यात आले. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. बाटली अनेक आठवडे आधीपासून दूषित असती तर तीत दुर्गंधी सुटली असती. उघडणाऱ्या डॉक्टरला ती आली नव्हती. ही माहिती असलेली चौकशीची कागदपत्रे १९०६ च्या अखेरीस प्रसिद्ध झाली. लंडनच्या लिस्टर संस्थेने केलेल्या परीक्षणाचा कलही दूषितीकरण गावात बाटली उघडताना झाले याकडे होता.

हिवतापाचा प्रसार डासांमुळे होतो हे सिद्ध करणारे रोनाल्ड रॉस यांनी हाफकिन यांची बाजू जाहीरपणे मांडली. जुलै १९०७ मध्ये लंडनच्या टाइम्स या वृत्तपत्रात रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांचे पत्र प्रसिद्ध झाले. प्रयोगशाळेवरील आरोप सिद्ध होत नाही, असे त्यात म्हटले होते. फ्रान्समधील ज्यू लष्करी अधिकारी ड्रेफ्युस यांच्यावर झालेल्या अन्यायाशी या प्रकरणाची तुलना झाली. अखेर १९०७ च्या शेवटी सरकारने हाफकिन यांना पुन्हा कामावर घेतले.

या प्रकरणातील हानी दुहेरी होती. एकोणीस ग्रामस्थांचे प्राण गेले आणि पंजाबातील टोचणीची मोहीम मंदावली. ज्या वर्षांत लसीची सर्वाधिक गरज होती त्याच वर्षांत लोकांचा लसीवरील विश्वास डळमळला. प्रत्येक बाटलीवर क्रमांक असणे, तिची नोंद ठेवणे, टोचणाऱ्याने साधने उकळून घेणे आणि दुर्घटनेचा अहवाल वेळेवर उघड करणे या गोष्टींचे महत्त्व मुलकोवालच्या निमित्ताने अधोरेखित झाले.

उत्तरायुष्य

भारतात परतल्यावर हाफकिन यांना परळचे पद परत मिळाले नाही. तेथे दुसऱ्या अधिकाऱ्याची नेमणूक झाली होती. त्यांनी कलकत्त्याची जैविक प्रयोगशाळा स्वीकारली. तेथे त्यांना लसींच्या नव्या चाचण्या घेण्याची मुभा नव्हती, त्यामुळे त्यांचे काम बहुतांशी सैद्धांतिक संशोधनापुरते मर्यादित राहिले. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षाच्या सुमारास ते निवृत्त होऊन फ्रान्सला गेले.

उत्तरायुष्यात ते धर्मनिष्ठ ज्यू म्हणून जगले आणि १९१६ मध्ये पारंपरिक ज्यू आचारधर्माचे समर्थन करणारा निबंध त्यांनी लिहिला. १९२८ मध्ये ते स्वित्झर्लंडमधील लोझान येथे स्थायिक झाले. पुढील वर्षी ज्यू धार्मिक पाठशाळांच्या साहाय्यासाठी त्यांनी निधी स्थापन केला. ते अविवाहित होते. २६ ऑक्टोबर १९३० रोजी लोझान येथे त्यांचे निधन झाले.

प्लेगचा प्रसार आणि लसीच्या मर्यादा

उंदरांच्या अंगावरील पिसवांमुळे प्लेग माणसांत येतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराची येथे प्रयोगाने दाखवले. काही वर्षे हा निष्कर्ष स्वीकारला गेला नाही. १९०५ नंतर परळच्या प्रयोगशाळेत ग्लेन लिस्टन आणि प्लेग संशोधन मंडळाने केलेल्या कामातून तो पक्का झाला. उंदीर मेला की भुकेलेल्या पिसवा माणसाकडे वळतात. म्हणून घरात उंदीर मरू लागणे ही साथीची पूर्वसूचना असते. महाराष्ट्रात उंदीर पडू लागताच गाव सोडून रानात झोपड्या बांधून राहण्याची जी रीत पडली, तिला यामुळे शास्त्रीय आधार मिळाला.

यावरून हाफकिन यांच्या लसीची मर्यादाही कळते. माणसाला टोचल्याने उंदीर आणि पिसवा यांच्यातील रोगाचे चक्र थांबत नाही. लस टोचलेल्या व्यक्तीला काही महिने संरक्षण देते. शेजाऱ्याचे रक्षण करत नाही. त्यामुळे साथ ओसरण्यासाठी घरांची सुधारणा, धान्याची सुरक्षित साठवण, उंदीर आणि पिसवांचा नाश यांची जोड आवश्यक ठरली. विसाव्या शतकाच्या मध्यापासून कीटकनाशके आणि प्रतिजैविके आल्यावर प्लेगची दहशत सरली. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला येथे आणि सुरत शहरात प्लेग आढळला, तेव्हा टेट्रासायक्लिनसारख्या औषधांनी तो आटोक्यात आला.

वारसा

परळची प्रयोगशाळा १९०६ मध्ये मुंबई बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी झाली आणि १९२५ मध्ये तिला हाफकिन यांचे नाव देण्यात आले. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईहून प्लेगच्या लसीच्या सुमारे २ कोटी ६० लक्ष मात्रा पाठवण्यात आल्या. प्लेगने भारतात एक कोटीहून अधिक बळी घेतले, त्या पार्श्वभूमीवर या कामाचे मोल लक्षात येते. सर्पदंशावरील प्रतिविष आणि अनेक रोगांवरील लसी पुढे याच संस्थेत तयार झाल्या. लसनिर्मितीसाठी १९७० च्या दशकात हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळ स्थापन झाले; पोलिओची तोंडावाटे देण्याची लस हे त्याचे महत्त्वाचे उत्पादन आहे. १९६४ मध्ये भारतीय डाक विभागाने हाफकिन यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

१८९७ चा साथरोग कायदा पुढे शंभराहून अधिक वर्षे लागू राहिला आणि २०२० मध्ये करोनाच्या साथीत देशभर वापरला गेला. हाफकिन यांच्यापुढील विश्वासाचा प्रश्नही संपलेला नाही. २०२२ च्या अखेरीस मुंबई, मालेगाव आणि भिवंडी येथे गोवराची साथ आली. कामतघरसारख्या दाट वस्त्या आणि स्थलांतरित यंत्रमाग कामगार असलेल्या भिवंडी शहरात लस न घेतलेली मुले शोधून काढणे हे आरोग्य कर्मचाऱ्यांपुढील मुख्य काम होते. गोवराची लस परिणामकारक असल्याचे केव्हाच सिद्ध झाले आहे. ती प्रत्येक घरातील मुलापर्यंत पोहोचवण्यासाठी आजही कोणाला तरी दार ठोठवावे लागते, शंका ऐकून घ्यावी लागते आणि वस्तीतील जाणत्या माणसांची साथ मिळवावी लागते. कट्टल बागान आणि माझगाव येथे हाफकिन व त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी हेच केले होते.